दर टाकीला एक बाटली

सरलाबाई गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांचं वय एक्कावन्न होतं, आणि प्रकाशा गावात तोवर त्यांच्या वयाच्या कुठल्या बाईला चारचाकीच्या स्टेअरिंगवर कुणी पाहिलेलं नव्हतं. हौस म्हणून त्या शिकल्या नाहीत. त्यांचं माहेर रनाळ्याचं. तिथे सायकलसुद्धा भावांनीच चालवायची, मुलींनी कॅरिअरवर बसायचं. लग्न होऊन तापीकाठी आल्या तेव्हाही बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग मोटारसायकल आणि शेवटी गाडी, सगळीकडे त्यांची जागा बाजूला किंवा मागेच होती. तिथे त्या सुखातही होत्या.

पण त्यांच्या नवऱ्याचे, हेमकांतनानांचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. नानांना पंधरा वर्षांपासून साखर होती. आधी डाव्या डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगू लागले. तेव्हा केळीची काढणी चालू होती, दारात ट्रक उभे होते, नाना म्हणाले, धूळ गेली असेल. धूळ नव्हती. नंदुरबारच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत डावा डोळा जवळजवळ हातचा गेला होता, आणि उजवा राखायचा तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यात सुई म्हटल्यावर सरलाबाईंनी दवाखान्याच्या भिंतीला हात टेकला होता. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "द्या. किती महिने?"

"ते डोळा सांगेल," डॉक्टर म्हणाले.

सुरुवातीला नानांचा पुतण्या गोपाल त्यांना घेऊन जायचा. मुलगा चांगला, पण त्याच्या स्वतःच्या मागे शेती आणि ठिबक सिंचनाचं दुकान. एका महिन्यात कापूस वेचणीला मजूर मिळेनात, गोपालला निघता आलं नाही, आज जाऊ उद्या जाऊ करत इंजेक्शन आठ दिवस लांबलं. तेवढ्यात आत सूज चढली. डॉक्टर आवाज चढवून बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी बोलले. "एकच डोळा उरलाय, बाई. तारीख चुकवायची नाही."

घरी आल्यावर सरलाबाईंनी अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. छोटी, पेट्रोलची, नऊ वर्षांची. नानांनी ती बैलाला जपावं तशी जपली होती. त्या म्हणाल्या, "माले शिकाडा."

नानांना वाटलं, गंमत करतेय. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चप्पल काढून, पदर खोचून ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मग केळीच्या बागेतल्या कच्च्या रस्त्यावर शिक्षण सुरू झालं. नानांना तेव्हा उजव्या डोळ्यानं रस्ता बऱ्यापैकी दिसायचा, पण ते शिकवायचे कानानं. "गिअर बदल, गाडी रडी ऱ्हायनी." "क्लच सोडताना घाई नको, तिले कळू दे." पहिल्या आठवड्यात केळीची दोन झाडं आडवी झाली, पाण्याच्या पाइपवरून चाक गेलं, आणि एकदा गाडी थेट चारीत उतरली तेव्हा गोपालला ट्रॅक्टर घेऊन यावं लागलं. दीड महिन्यात मात्र सरलाबाई नंदुरबारला जाऊन परीक्षा देऊन आल्या. लायसन्स पोस्टानं आलं तेव्हा त्यांनी ते देवघरात ठेवलं. नानांनी ते काढायला लावलं. "पोलिसानं मांगं तर देवघर दखाडशी का?"

पहिले काही महिने बरे गेले. महिन्यातून एकदा दवाखाना, आठवड्यातून एकदा शहाद्याचा बाजार. गाडीचं खाणंपिणं नाना बघायचे. हवा, ऑइल, पाणी. मग उजव्या डोळ्यापुढंही धुकं दाटत गेलं. एका सकाळी नाना बॉनेट उघडून ऑइल बघायला गेले. ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. डोळ्यापाशी नेली, लांब धरली, उन्हाकडे धरली. खूण काही दिसेना. सरलाबाई ओट्यावरून बघत होत्या. नानांनी पट्टी जागेवर घातली, बॉनेट लावलं, हात पुसले आणि चावी आणून त्यांच्या हातात दिली.

"आते गाडी तुन्ही शे," एवढंच म्हणाले.

त्यानंतर गाडीबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. बाजूला बसायचे, उतरायचे. त्यांच्या मनाला कुठेतरी लागलं आहे हे सरलाबाईंना समजलं, आणि त्यांनी ठरवलं, गाडीची कुठलीच गोष्ट आता यांच्यापुढं काढायची नाही.

इथेच सगळा घोटाळा झाला.

कारण गाडीची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सरलाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. बाजूला डोळ्यांनी अधू माणूस आणि आपल्याला टायरसुद्धा बदलता येत नाही, असं चित्र त्यांच्या डोळ्यापुढं सारखं यायचं.

पावसाळ्याच्या अखेरीस एका पंपावर पेट्रोल भरायला थांबल्या असताना टोपीवाला एक विक्रेता खिडकीशी आला. हातात चपटी बाटली. म्हणाला, "ताई, गाडी किती वर्षांची? नऊ? मग इंजेक्टरमध्ये कचरा साचला असणार. हे क्लीनर आहे. टाकीत ओतायचं, आतली सगळी लाइन धुऊन निघते. दर टाकीला एक बाटली टाका, गाडी कधी रस्त्यात दगा देणार नाही."

कधी रस्त्यात दगा देणार नाही! त्या एका वाक्यावर सरलाबाईंनी सहा बाटल्या घेतल्या. बाटलीवर सगळं इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. माणसानं सांगितलं होतं ना, दर टाकीला एक.

आता नाना पेट्रोल भरायचे तेव्हा टाकी काठोकाठ भरून घ्यायचे. सरलाबाईंची टाकी वेगळी होती. पंपावर गाडीभोवती माणसं जमायची, "काकू चालवतायत का?" म्हणून वाकून बघायची, कुणी हसायचं. त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. त्या काच अर्धी खाली करून "दहा लिटर" म्हणायच्या आणि मिळताच निघायच्या. म्हणजे दहा लिटर झाले की त्यांच्या हिशेबी एक टाकी झाली, आणि एक बाटली गेली. दोन महिन्यांत त्या सहा संपल्या. मग आणखी आणल्या. रिकाम्या बाटल्या त्या एका पिशवीत घालून डिकीत स्टेपनीखाली दडवून ठेवायच्या. नानांपासून का लपवत होत्या, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. नानांना जे काम दिसत नाही म्हणून सोडावं लागलं, ते आपण त्यांच्या पाठीमागे करतोय, असं काहीतरी वाटायचं.

दिवाळीनंतर गाडी आचके देऊ लागली.

आधी चढावर. मग तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना. पाय दाबला तरी गाडी क्षणभर श्वास कोंडल्यासारखी थांबायची, मग धक्का देऊन पुढं जायची. सरलाबाईंना वाटलं, आपलंच क्लचवर चुकतंय. नाना शेजारी काही बोलत नव्हते, म्हणजे नक्की आपलंच चुकतंय. त्यांनी पाय जपून सोडून पाहिला. आचके गेले नाहीत. मग वाटलं, कचरा जास्त असेल. त्यांनी एकदा दोन बाटल्या ओतल्या.

गाडी आणखी बिघडली.

नानांना घरी ठेवून त्या एकट्या एका अनोळखी गॅरेजात गेल्या; ओळखीच्याकडे गेलं तर नानांच्या कानावर गेलं असतं. तिथल्या माणसानं गाडी चालू केली, दोनदा रेस दिली, बॉनेटवर कोपर टेकून म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल, काकू. व्हॉल्व्ह गेले असतील. काय काय टाकत होता हिच्यात?"

त्यांनी बाटलीचं नाव सांगितलं. त्यानं जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "मग झालं. अहो, ते तेज असतं. त्यानंच इंजिन खाल्लं. आता खर्च करण्यात अर्थ नाही, येईल त्याला देऊन टाका."

परत येताना सरलाबाई कशा आल्या त्यांचं त्यांना माहीत. आपल्या हातानं गाडी मारली. नानांची गाडी. ज्या गाडीवर त्यांचा उरलेला डोळा टांगलेला होता, तीच. सुरतेहून मुलीचा, नूतनचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आपण गाडी विकून टाकली तर कसं होईल गं?" नूतन म्हणाली, "विक ना आई, भाड्यानं गाडी करत जा." बोलायला सोपं होतं. प्रकाशातून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळेला भाड्याची गाडी वेळेवर येईल याची हमी कोण देणार? त्या चार दिवस जेवल्या ते नुसतं ताटात हात फिरवून.

आणि तारीख आली. जानेवारीतला गुरुवार. सकाळी नऊला दवाखान्यात पोचायचं होतं. या वेळी डॉक्टर डोळ्याचा फोटो काढून सांगणार होते, सूज उतरली की नाही, डोळा टिकणार की नाही. गोपालला सांगावं असं सरलाबाईंच्या मनात शंभरदा आलं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांनी गाडीला हात जोडले आणि चावी फिरवली. गाडी चालू झाली.

गावातून पुलापर्यंत नीट गेली. तापीच्या पुलावर चढली. कारखान्याचे दिवस, त्यामुळे पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ट्रक. खाली दूरवर पाणी पसरलेलं. पुलाच्या बरोबर मध्यावर गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि बंद पडली.

सरलाबाईंनी चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. लागेना. पुन्हा फिरवली. मागून ट्रकनं जोरात हॉर्न दिला. मोटारसायकलवाले बाजूनं वाकून बघत जात होते. सरलाबाईंच्या मनात एवढंच आलं, संपलं. आज इंजेक्शन नाही.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"बंद पडनी."

"चावी सोड. नुसतं ऐकू दे माले."

"अहो, मागे ट्रक..."

"ट्रकवाल्याले थांबता येस. तू काच वर कर. आता चावी फक्त अर्धी फिरव. स्टार्ट नको करू."

त्यांनी काच वर केली, चावी अर्धी फिरवली. नानांनी मान मागच्या सीटकडे कलती केली. डोळे मिटले. दिसत तर फारसं नव्हतंच, पण ऐकताना ते डोळे मिटायचे. मागून बारीक आवाज आला, डासाच्या गुणगुणण्यासारखा, जरा ताणलेला. दोन सेकंदांत थांबला.

"पंप चालू शे," नाना म्हणाले. "पण पेट्रोल वढाले त्याले त्रास व्हई ऱ्हायना. इंजिन नही बिघडेल, सरला. पेट्रोल पोचत नही. आता चावी बंद कर. अर्धी फिरव. बंद कर. अर्धी फिरव. अस्सं तीनदा. मग स्टार्ट कर, पण पाय दाबू नको."

त्यांनी तसंच केलं. एक. दोन. तीन. मग पूर्ण फिरवली. गाडी खोकली, आणि लागली.

"दुसऱ्यात चाल. मग तिसरा. चाळीसच्या वर जाऊ नको. पाय हलका ठेव, पायाखाली अंडं फुटू नये तसा."

पूल संपला. त्या तशाच चाळीसनं जात राहिल्या. मागची वाहनं हॉर्न देत बाजूनं निघून जात होती, जाऊ देत. नाना सगळा वेळ मान मागे वळवून ऐकत बसले होते. आवाज ताणला की म्हणायचे, "पाय काढ जरा." सैल झाला की, "आता चाल." सात-आठ महिन्यांत नानांनी गाडीबद्दल एवढे शब्द काढले नव्हते. नंदुरबार जवळ आलं, रस्त्याकडेच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली दिसू लागली, काच बंद असूनही दोघांना शिंका सुटल्या, आणि सरलाबाईंना एकाएकी रडू आलं. मिरचीमुळे म्हणून ते खपून गेलं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ते दवाखान्यात पोचले. फोटो काढला. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "सूज उतरलीय. पुष्कळ उतरलीय. आजचं घेऊ या, आणि पुढचं आता दोन महिन्यांनी. असंच राहिलं तर आणखी लांबवू." नानांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मागच्या खेपेला दोन ओळी वाचल्या होत्या, या वेळी तीन वाचल्या, आणि चौथीतलं एक अक्षर अंदाजानं सांगितलं ते बरोबर निघालं.

डोळ्यावर पट्टी लावून नाना बाहेर बाकावर येऊन बसले. सरलाबाईंना खरं तर आनंदानं उड्या माराव्यात असं झालं होतं, पण गाडीचं ओझं मनावर होतंच. त्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक सांगायचंय तुमाले. गाडी मी बिघाडेल शे."

आणि सगळं सांगितलं. टोपीवाला, बाटल्या, दहा-दहा लिटर, एकदा ओतलेल्या दोन, गॅरेजवाल्याचं इंजिन खाल्लं म्हणणं. डिकीतली पिशवीसुद्धा सांगितली.

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "माले वास येत होता."

"कसला?"

"तुन्हा हातले. रॉकेलसारखा. पेट्रोल भरून उनी की यायचा. माले वाटलं, मेकॅनिकनं सांगेल असन काहीतरी. ईचारणार होतो."

"मग काब्रं नही ईचारं?"

"गाडी तुले देई टाकी ना. मग परत ईचारलं तर वाटलं असतं, म्हातारा विश्वास ठेवत नही."

बाकावर पलीकडे बसलेली एक बाई त्यांच्याकडे बघू लागली, कारण नाना पट्टीखाली हसत होते आणि सरलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"चाल," नाना म्हणाले. "वाहरूकडे."

वाहरूचं गॅरेज नंदुरबारच्या बाहेर, शहाद्याच्या रस्त्यावर. तो मूळचा धडगावकडचा, आयटीआय करून इथे आला आणि नानांच्या ट्रॅक्टरपासून ओळखीचा. त्याची घरची बोली पावरी, पण गिऱ्हाइकाशी तो शाळेतली स्वच्छ मराठी बोलायचा आणि एकेक शब्द तोलून टाकायचा. त्यानं नानांना सावलीत खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेटकडे न जाता थेट मागचं दार उघडलं. मागची सीट उचलली. तिच्याखाली टाकीचं गोल झाकण होतं. ते सोडवून त्यानं पेट्रोलचा पंप वर काढला. पंपाच्या तळाशी एक जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी. ती मुळात पांढरी असते. ही काळी मिट्ट झाली होती, वर चिकट साय धरल्यासारखा थर.

"ताई, हे बघा," वाहरू म्हणाला.

सरलाबाईंनी बघितलं. "हे मीच केलं?"

"घाण तुमची नाही. नऊ वर्षांत टाकीच्या तळाला बसलेली आहे. तुमच्या औषधानं ती सोडवली. थोडी थोडी सुटली असती तर जळून गेली असती. तुम्ही एकदम सोडवली, ती सगळी इथे येऊन अडकली. पंपाला श्वास घेता येईना."

"आणि इंजिन? व्हॉल्व्ह?"

वाहरूनं पुढं जाऊन एक प्लग काढला. पुसला नाही, तसाच उजेडात धरला. टोकाला फिकट तपकिरी रंग होता. मग दुसरा काढला. तोही तसाच. चारही तसेच.

"असा रंग असला तर इंजिनाची तब्येत चांगली. उघडायचं काही काम नाही. ज्यानं सांगितलं त्यानं प्लग काढून पाहिले होते का?"

"नाही. बॉनेटवर कोपर टेकलं होतं."

वाहरू पहिल्यांदा हसला.

सरलाबाईंचा जीव तेव्हा भांड्यात पडला. त्या गॅरेजातल्या जुन्या टायरवर मटकन बसल्या. वाहरूनं नवी जाळी आणवली, टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढून तळ पुसून घेतला, बाहेरचा फिल्टरही बदलला. हात चालू असताना सरलाबाई उठून डिकीतली पिशवी घेऊन आल्या आणि त्यातली एक बाटली त्याच्यापुढं धरली.

"हे वाचून दाखव बरं. काय लिहिलंय?"

वाहरूनं बाटली डोळ्यांजवळ नेली. "एक बाटली, चाळीस ते पन्नास लिटरला. म्हणजे टाकी भरून. तुम्ही दहाला टाकत होता. आणि पुढं लिहिलंय, दर आठ हजार किलोमीटरला एकदा."

"दर टाकीला नाही?"

"नाही. दर टाकीला टाकायचं असं विकणाराच सांगतो." त्यानं बाटली खाली ठेवली. "वाईट नसतं ते, ताई. टाकावं. जुन्या गाडीला तर बरंच. पण ज्याचं त्याचं प्रमाण असतं. तुमची गाडी वर्षाला किती चालते?"

सरलाबाईंना सांगता येईना. नानांनी खुर्चीवरून सांगितलं, "सहा-सात हजार."

"मग वर्षातून एकदा. पावसाळा संपला की. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्यायची, बाटली ओतायची, वरून टाकी भरून घ्यायची, आणि मग गाडी लांबवर पळवायची. तेवढ्यात भागतं. त्याआधी कुठं आचका दिसला तर बाटली नाही, माझ्याकडे यायचं. औषध देण्याआधी दुखतंय कुठं ते बघायला हवं ना?"

"आणि टाकी कायम तळाला ठेवायची नाही," नाना म्हणाले. "अर्ध्याखाली आणू नये."

"नाना बरोबर बोलतात. तळाला ठेवलं की घाण ओढली जाते, आणि पंप तापतो."

सरलाबाईंनी नानांकडे बघितलं. "मग हे तुमी माले आधी सांगं काब्रं नही?"

"तू ईचारं काब्रं नही?"

वाहरूनं मान खाली घालून जाळी बसवायला घेतली.

दुपारी अडीचच्या सुमाराला गाडी तयार झाली. वाहरू स्वतः एक चक्कर मारून आला आणि चावी सरलाबाईंच्या हातात देऊन बाजूला झाला. पेट्रोल पंपावर त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि टाकी पूर्ण भरायला सांगितली. भरेपर्यंत पुष्कळ वेळ लागला, दोघं-तिघं वाकून बघून गेले, एकानं "काकू स्वतः?" विचारलंही. "हो, स्वतः," त्या म्हणाल्या, आणि किती वाजलेत ते त्यालाच विचारलं, कारण त्यांना भयंकर भूक लागली होती. शेजारच्या हॉटेलात दोघांनी शेवभाजी आणि भाकरी मागवली. सरलाबाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. नानांनी पट्टीच्या डोळ्यानं मोजल्या नाहीत, पण हॉटेलवाला दोनदा टोपली घेऊन आला हे त्यांना ऐकू आलं होतं.

परतीच्या रस्त्यावर गाडीनं चौथा गिअर घेतला तो लोण्यातून सुरी जावी तसा. एक आचका नाही. नाना काही वेळ मान मागे वळवून बसले, मग त्यांनी मान सरळ केली आणि सीट जरा मागे सरकवून घेतली. पुलाच्या अलीकडेच त्यांना झोप लागली. सरलाबाई पूल ओलांडून, गावात शिरून, अंगणात गाडी लावेपर्यंत ते जागे झाले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी नानांनी स्वतःहून बॉनेट उघडायला लावलं. ऑइलची पट्टी स्वतः बाहेर काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि सरलाबाईंपुढं धरली.

"ऑइल कुठलोंग शे?"

"दोन खुणांच्या मधोमध."

"मग ठीक शे. आते चाल."

"कुठं?"

"खांडबाऱ्याले. मोहिनीकडे."

मोहिनी ही नानांची धाकटी बहीण. दोन वर्षं झाली होती तिच्याकडे जाऊन. महिन्याची एक फेरी दवाखान्याची, आणि त्यापुढं कुणाला काही सुचलंच नव्हतं. सरलाबाई म्हणाल्या, एवढ्या लांब मी कधी गेले नाही, नवापूरच्या रस्त्यावर घाट असेल, ट्रक असतील. नाना म्हणाले, असतील. त्यांनी मोहिनीला फोन लावून स्वयंपाक करायला सांगितला.

रस्त्यानं नाना विचारत राहिले आणि सरलाबाई सांगत राहिल्या. डाव्या हाताला काय पेरलंय? गहू. ऊस आहे का? आहे, तोड चालूय. आता सागाची झाडं लागली. पानं झडलीत. समोर एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललीय, तिच्यामागं शेळी. पुढं वळण आहे, थांबा, आता बोलू नका. वळण गेलं. आता बोला.

खांडबाऱ्याला रेल्वेच्या फाटकापाशी त्यांना थांबावं लागलं. मालगाडी जात होती, लांबलचक. तिचे डबे कानानं मोजता मोजता नाना चौतिसाव्यावर चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. फाटक उघडलं तेव्हा पलीकडे, रस्त्याच्या कडेला, मोहिनी उन्हात हाताची सावली डोळ्यांवर धरून उभी होती. इतका वेळ घरात बसवेना म्हणून ती चालत पुढं आली होती.